टोमणा की गंमत? मेसेजच्या शेपटाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मेसेजवरून होणाऱ्या गैरसमजांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर पत्रं आणि मेल येतच राहिले. बहुतेकांना विचारायचंय ते एकाच गोष्टीबद्दल, मेसेजच्या शेवटी तिरकी रेघ मारून जी एक-दोन-तीन इंग्रजी अक्षरं लावतात ना, टोन टॅग म्हणा नाहीतर टोन इंडिकेटर, त्याबद्दल. मग म्हटलं यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकू. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी बजावलंय, त्यामुळे कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : ताई, माझी भाची कॉलेजला आहे. परवा तिचा मेसेज आला, "मावशी तू ग्रुप का सोडलास /जेन". मला वाटलं चिडलीय, म्हणून मी लांबलचक खुलासा पाठवला, तर म्हणते "अगं ठीके /एनएम". हे काय नवीन? शिवी तर नाही ना? — बुचकळ्यात पडलेली मावशी

उत्तर : शिवी नाही हो, उलट भाचीने तुमची काळजीच घेतलीय. "/जेन" (फोनवर इंग्रजीत /gen) म्हणजे जेन्युइन, मी खरंच माहिती म्हणून विचारतेय, जाब विचारत नाहीये. "ग्रुप का सोडलास" एवढंच वाचलं तर कुणालाही जाब विचारल्यासारखं वाटेल, तुम्हालाही तसंच वाटलं, आणि तेच टाळायला तिने शेपूट लावलं होतं, फक्त ते तुम्हाला वाचता आलं नाही. आणि "/एनएम" म्हणजे नॉट मॅड, चिडलेली नाहीये.

बाकीचे नेहमी दिसणारे सांगून ठेवते. "/एस" म्हणजे सार्कॅझम, लिहिलंय त्याच्या उलटं समजायचं. "/जे" जोक. "/एचजे" म्हणजे हाफ जोकिंग, अर्धी गंमत अर्धं खरं, हा जरा लबाड टॅग आहे, त्याच्याबद्दल पुढे येईलच. "/एसआरएस" सिरियस, "/एलएच" लाइटहार्टेड म्हणजे हलक्याफुलक्या मूडमध्ये, "/पॉझ" आणि "/नेग" म्हणजे चांगल्या अर्थी आणि वाईट अर्थी, "/आरएच" म्हणजे रेटॉरिकल, उत्तर नकोय, नुसतंच विचारलंय, आणि "/एनबीएच" म्हणजे नोबडी हिअर, इथल्या कुणाबद्दल बोलत नाहीये. हा शेवटचा मला फार आवडतो कारण ग्रुपवर कुणी "काही लोकांना अक्कल नसते" असं लिहिलं की पाच जण आपापल्या घरी बसून आपल्यालाच म्हणाला असं धरून चालतात. याहून कितीतरी टॅग आहेत आणि रोज कोणीतरी नवीन काढतं, पाठ करत बसू नका, अडलं की भाचीलाच विचारायचं. एकच लक्षात ठेवा, नवख्या माणसाला "/एस" म्हणजे सिरियस असं वाटतं आणि मग अर्थ अगदीच उलटा होतो.

आलं कुठून म्हणाल तर वेबपेज ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात त्यात एखादा भाग संपला की तिरकी रेघ असलेला टॅग लावून तो बंद करतात. कॉम्प्युटरवाल्या लोकांनी गमतीत "इथे उपरोध संपला" अशा अर्थाचा खोटाच टॅग लिहायला सुरुवात केली, मग त्याचे कंस गळाले, शब्दही गळाला आणि उरलं ते "/एस". रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावर तो चांगलाच रुळला. बाकीची मोठी फौज मात्र नंतरची, साधारण २०२० च्या आसपास ट्विटर, टम्बलर, डिस्कॉर्डवरच्या तरुण मुलामुलींमध्ये पसरली, त्यातही ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मंडळींनी ती जास्त उचलून धरली.

प्रश्न : विनोद करून वर "हा विनोद होता" असं सांगणं म्हणजे विनोदाचा खूनच. ज्याला कळायचं त्याला कळतं, नाही कळलं तर त्याचं नशीब. इतकी वर्षं लोक उपरोधाने लिहितच होते ना, त्यांना कुठे शेपटं लागत होती? — विनोदाचा कट्टर भक्त

उत्तर : लागत होती की! निदान काहींना तरी वाटत होतं की लागतात. इंग्लंडमध्ये १५८० च्या दशकात हेन्री डेनम नावाच्या मुद्रकाने उलटं फिरवलेलं प्रश्नचिन्ह छापायला सुरुवात केली, ज्या प्रश्नाला उत्तर नकोय त्याच्यापुढे लावायला, म्हणजे आजचं "/आरएच" जे करतं तेच काम. १६६८ मध्ये जॉन विल्किन्स या इंग्रज विद्वानाने सुचवलं की उपरोधासाठी उद्गारचिन्ह उलटं टांगा. १८९९ मध्ये आल्कांतेर द ब्राम या फ्रेंच कवीने स्वतःचं उपरोधचिन्ह काढलं, आणि १९६६ मध्ये एर्व्हे बाझां या फ्रेंच लेखकाने तर उपरोध, शंका, प्रेम, खात्री, अधिकार, जयजयकार असा चिन्हांचा सेटच मांडला. यातलं एकही टिकलं नाही हे मात्र तुमच्या बाजूने जातं, ते मान्य. पण का टिकलं नाही बघा ना. पुस्तक वाचणाऱ्याच्या हातात अख्खं पुस्तक असतं, लेखक कसा आहे ते पाच पानांत कळतं, आणि तो निवांत वाचत असतो. मेसेज म्हणजे चार शब्द, ते पण कुणीतरी लिफ्टमध्ये नाहीतर मीटिंगमध्ये टेबलाखाली धरून वाचतंय, तुमचा चेहरा नाही, आवाज नाही, मागचा-पुढचा संदर्भही बऱ्याचदा नाही.

आता तुमचं "ज्याला कळायचं त्याला कळतं" हे वाक्य. यावर अमेरिकेत जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले होते, २००५ मध्ये छापून आले. विद्यार्थ्यांना काही वाक्यं दिली, काही उपरोधाची काही सरळ, आणि ती कुणाला ईमेलने तर कुणाला बोलून समोरच्यापर्यंत पोचवायला सांगितली. पाठवणाऱ्यांना आधी विचारलं की समोरच्याला किती वेळा बरोबर ओळखता येईल, तर दोन्हीकडे अंदाज साधारण ७८ टक्के. आवाजाच्या बाबतीत तो फारसा चुकला नाही. ईमेलवाल्यांचं मात्र बरोबर आलं फक्त ५६ टक्के, आणि नुसतं नाणं उडवलं असतं तरी ५० आले असते. म्हणजे ज्याला कळायचं त्याला छापा-काट्याइतकंच कळतं! आणि वाचणाऱ्यांनाही आपण बरोबरच ओळखलं याची पक्की खात्री होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट, कारण खात्री असली की माणूस विचारतसुद्धा नाही, सरळ मनात धरून बसतो.

असं का होतं तर लिहिणाऱ्याला स्वतःचं वाक्य स्वतःच्या आवाजात ऐकू येत असतं. कुठे ओढायचं, कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर भुवई उडवायची हे सगळं त्याच्या डोक्यात वाजत असतं आणि ते स्क्रीनवर उतरलेलं नाही हे त्याच्या गावीही नसतं. १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन हिने स्टॅनफर्डमध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने दाखवलं होतं, लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटाने वाजवायला सांगितला आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी गाणी ओळखतील, ओळखली गेली १२० पैकी ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सगळा वाद्यवृंद, ऐकणाऱ्याला नुसती टकटक.

आणि अनोळखी लोकांत तर आणखीच पंचाईत. पो याचा नियम म्हणून एक आहे, २००५ मध्ये नेथन पो याने उत्क्रांतीच्या वादात लिहिलं होतं की डोळा मारणारी खूण किंवा तसलं काही नसेल तर टोकाच्या मतांची तुम्ही कितीही भयंकर टिंगल करा, कुणीतरी ती खरी समजणारच. कारण खरोखर तसं मानणारे लोक असतात हो, आणि वाचणाऱ्याला तुम्ही त्यातले आहात की नाही हे कळायला मार्ग नसतो.

पण तुमच्याशी माझं अर्धं जमतं. तुम्ही विनोदी लेख लिहिताय, कविता लिहिताय, किंवा पंधरा वर्षं ओळखत असलेल्या मित्राला काही पाठवताय, तिथे शेपूट लावलंत तर मीच तुम्हाला रागावेन. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये जिथे निम्मे लोक तुम्हाला ओळखतच नाहीत तिथे मात्र लावा, आणि शेवटी लावा, सुरुवातीला नाही. शेवटी आलेला टॅग वाचेपर्यंत विनोद होऊन गेलेला असतो, सुरुवातीला आला तर मात्र तुम्ही म्हणता तसा खूनच.

प्रश्न : यासाठी इमोजी आहेत की! मग ही अक्षरांची भानगड कशाला? — इमोजीप्रेमी

उत्तर : इमोजीचा जन्म याच कामासाठी झाला असं म्हटलं तरी चालेल, निदान त्याच्या आजोबांचा तरी. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटरवाल्यांच्या आपसातल्या, कॉम्प्युटरवरच्याच फलकावर कुणीतरी लिहिलं की प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय आणि थोडी आगही लागलीय. होती गंमतच, आधी चाललेल्या चर्चेवरची, पण ती चर्चा न वाचलेले लोक हे खरं धरून बसतील अशी धास्ती वाटली. मग विनोदाला काहीतरी खूण हवी म्हणून कुणी ताऱ्याचं चिन्ह सुचवलं, कुणी टक्क्याचं, आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी लिहिलं की विनोदाला :-) वापरा (आडवं वाचा, हसरा चेहरा दिसेल), आणि खरं तर जे विनोद नाही त्यालाच खूण करणं सोयीचं पडेल, त्याला :-( वापरा. म्हणजे "/जे" आणि "/एसआरएस" ही जोडी तेव्हाच तयार होती!

घोळ पुढे झाला. :-( चा अर्थ "विनोद नाही" वरून "वाईट वाटलं" असा कधी झाला कुणालाच कळलं नाही. इमोजीचंही तसंच होतं, अर्थ सारखा सरकत राहतो. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता, आणि आज बरीच तरुण मुलं तो लावणाऱ्याला म्हातारं समजतात, त्यांना हसू आलं की ती कवटी टाकतात. कवटी! आणि साधा हसरा चेहरा वयाने मोठा माणूस प्रेमाने पाठवतो, तोच विशीतल्या पोरांना थंड आणि कुजकट वाटतो. टॅगला निदान एक ठरलेला अर्थ असतो आणि तो माहीत नसेल तर आपल्याला माहीत नाही एवढं तरी माहीत असतं. इमोजी मात्र प्रत्येकाला कळतो, प्रत्येकाला वेगळा.

आणखी एक, ज्यांना दिसत नाही ते फोन स्क्रीन रीडरवर ऐकतात आणि तो प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्याने वाचतो. तुम्ही हौसेने आठ वेगवेगळे टाकलेत तर समोरच्याला आठही नावं ऐकायला लागतात.

प्रश्न : माझा बॉस सगळ्याला "ठीक आहे." एवढंच उत्तर देतो, पूर्णविरामासकट. नाहीतर नुसता अंगठा. मी दिवसभर त्याचा अर्थ लावत बसते. ऑफिसच्या मेसेजमध्ये मी "/जेन" वगैरे वापरलं तर चालेल का? — अंगठ्याने हैराण

उत्तर : आधी पूर्णविराम. तुम्हाला जे वाटतंय ते एकट्या तुम्हाला नाही वाटत. बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ मध्ये १२६ विद्यार्थ्यांना मेसेजमधली एका शब्दाची उत्तरं दाखवली होती, काहींच्या शेवटी पूर्णविराम होता काहींच्या नव्हता, तर पूर्णविरामवाली उत्तरं कमी मनापासून दिल्यासारखी वाटली. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर दाखवली तेव्हा काही फरक पडला नाही. पण त्यातले सगळे विद्यार्थी होते हो, तुमच्या बॉसने आयुष्यभर पूर्णविराम दिलाय कारण शाळेत तसं शिकवलं. तो सगळ्यांनाच तसं लिहितो असं तुम्हीच म्हणताय, मग त्यात तुमच्यासाठी खास काही नाही, सोडून द्या. ज्या दिवशी तो पूर्णविराम द्यायचं थांबेल त्या दिवशी विचार करा.

अंगठ्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. कॅनडात सस्कॅचवान प्रांतात एका धान्य खरेदीदाराने शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून कन्फर्म कर म्हटलं, शेतकऱ्याने नुसता अंगठा पाठवला. माल काही आला नाही. कोर्टात शेतकरी म्हणाला की अंगठा म्हणजे मेसेज मिळाला एवढंच, पण त्या दोघांचे आधीचे करार असेच "ओके", "यप" वर झालेले होते, त्यामुळे २०२३ मध्ये न्यायाधीशांनी अंगठा म्हणजे सहीच धरली आणि शेतकऱ्याला ८२ हजार डॉलरवर भरपाई बसली. म्हणजे पैशाचा, तारखेचा, मंजुरीचा विषय असेल तिथे अंगठ्यावर थांबायचं नाही, "मिळालं, वाचून सांगते" किंवा "मंजूर" असं शब्दांत.

आणि ऑफिसात "/जेन"? नको. ज्याला माहीत नाही त्याला टायपिंगची चूक वाटेल, ज्याला माहीत आहे त्याला पोरकटपणा वाटेल. तेच काम चार शब्द करतात. "हा कॉलम का काढला?" असं लिहिण्याऐवजी "हा कॉलम का काढला ते समजून घ्यायचंय, मला पुढे तसंच करायला लागेल" असं लिहिलंत की कुणाचं डोकं फिरत नाही.

प्रश्न : मराठीत टाइप करताना मध्येच इंग्रजी की-बोर्डवर जायचं, तिरकी रेघ शोधायची, मग अक्षर, मग परत मराठी. एवढ्यात गंमत शिळी होते. मराठीत काही सोय नाही का?

उत्तर : भरपूर आहे, आणि की-बोर्ड बदलायलाच नको. "ये", "ये ना", "ये की", "ये हं", "ये बाबा एकदाचा", "ये बरं का" यातलं कुठलं विनवणी आहे, कुठलं आग्रह, कुठलं वैताग आणि कुठलं दम ते कुणाला सांगायला लागतं का? बोलताना आपण हे शब्द भरभरून वापरतो आणि टाइप करताना नेमके तेच गाळतो, का तर मेसेज छोटा व्हावा. ते गाळले की उरलेलं वाक्य हुकूम वाटतो. "उद्या फाइल आण" आणि "उद्या फाइल आणशील ना" यात किती अक्षरं वाचली हो?

जुन्या मराठी संकेतस्थळांवर लोक वर्षानुवर्षं "ह. घ्या." लिहीत आलेत, हलकेच घ्या, म्हणजे चक्क "/एलएच". तिथेच कुणी "दिवा घ्या", म्हणजे "लाइट" घ्या, म्हणायचं आणि सोबत दिव्याचं चित्र टाकायचं. मला विचाराल तर "गंमत करतेय हं" हे "/जे" पेक्षा केव्हाही बरं, कारण ते वाचायला आधी काही शिकायला लागत नाही. फक्त टोमण्याला असं काही नाही आपल्याकडे, "वा, फारच छान" याचा अर्थ लावायला आवाजच लागतो, तिथे मी स्वतः "/एस" घेते.

प्रश्न : एक मैत्रीण ग्रुपवर माझ्या वजनाबद्दल, कपड्यांबद्दल काहीतरी बोलते आणि शेवटी "/जे" नाहीतर "/एचजे" लावते. मी काही बोलले तर म्हणते टॅग दिसला नाही का? — टॅग दिसलेली

उत्तर : टॅगने हेतू कळतो, परवानगी मिळत नाही. आणि "/एचजे" लावून ती कबूलच करतेय की अर्धं खरं आहे, कुठलं अर्धं ते मात्र तुम्ही शोधायचं, म्हणून तर मी त्याला लबाड म्हटलं. तिला ग्रुपवर नाही, वेगळ्या मेसेजमध्ये लिहा, "माझ्या वजनावर गंमत नकोय मला, /एसआरएस". एकदाच. नंतरही चालू राहिलं तर ग्रुप सोडा आणि कुणी "का सोडलास" म्हणून विचारलंच तर सांगून टाका.

प्रश्न : मी ऑटिस्टिक आहे, वय १९. मित्र टॅग लावतात तेव्हा मला खूप सोपं जातं, नाहीतर एकेका मेसेजवर तासभर विचार करतो. पण एक मित्र म्हणाला की तुझ्यामुळे सगळ्यांना शाळेसारखं लिहायला लागतं. मी मागणं बंद करू का?

उत्तर : नको करूस. तू मागतोयस ती एक-दोन-तीन अक्षरं आहेत रे, आणि वर तो प्रयोग सांगितला ना, त्यात ५६ टक्क्यांवर आपटलेली सगळी साधी कॉलेजातली मुलं होती. म्हणजे मेसेजमधला सूर न कळणं ही तुझी एकट्याची अडचण नाहीये, तुला ती जाणवते आणि त्यांना जाणवत नाही एवढाच फरक. डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं की ऑटिस्टिक माणसाला इतर माणसं कळत नाहीत असं एकतर्फी म्हणतात पण इतरांनाही ऑटिस्टिक माणूस तितकाच कळत नाही, गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो.

मित्राचं म्हणणं मात्र जरा सोपं करता येईल. अख्खी यादी त्यांच्या गळ्यात मारू नकोस. तुमच्यात तीनच ठरवा, "/जे", "/एस" आणि "/एसआरएस", आणि तेही जिथे शंका येईल तिथेच. जिथे कुणी विसरलं तिथे तू नुसतं "जे का एस?" असं विचारायचं आणि त्यांनी एका अक्षरात उत्तर द्यायचं, त्यावर कुणी हसायचं नाही. आणि तुझ्यासारखे सगळेच टॅगवर खूश असतात असंही नाही, काही ऑटिस्टिक लोकांना ते आवडत नाहीत, आणखी एक कोडं सोडवायला दिल्यासारखं वाटतं, तेव्हा नवीन कुणी भेटलं तर त्याला काय सोयीचं पडतं ते आधी विचार.

प्रश्न : मेसेज गेला, समोरचा दुखावला, आता मागाहून "/जे" लावून उपयोग आहे का?

उत्तर : नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर १५ मिनिटांच्या आत मेसेज एडिट करता येतो पण एडिट केलेला आहे हे तिथे दिसतं, आणि भांडण सुरू झाल्यावर चिकटवलेली गंमत कुणाला गंमत वाटत नाही. फोन करा. तो उचलत नसेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, वीस-तीस सेकंदांचा, आणि त्यात विनोद कसा होता ते समजावत बसू नका.